रोज साडेपाचची उपासना

दक्षिण इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या कॅथेड्रलचा मनोरा 123 मीटर उंच आहे. त्या देशात कुठल्याही चर्चला याहून उंच मनोरा नाही. दिवसभर पर्यटकांची रीघ लागलेली असते. लोक मान वर करून मनोरा पाहतात, मॅग्ना कार्टाची 1215 सालची मूळ प्रत पाहतात, चौदाव्या शतकातले अजून चालू असलेले घड्याळ पाहतात आणि पाच वाजायच्या आत बसमध्ये बसून पुढच्या गावाला निघून जातात. या वास्तूत रोज घडणारी सर्वांत मोलाची गोष्ट मात्र त्यानंतर सुरू होते.

साडेपाचच्या सुमाराला झग्यांतली मुले किंवा मुली आणि त्यांच्या मागून सहा प्रौढ गायक दोन रांगांनी आत येतात. पुढचा पाऊण तास ते गातात. या उपासनेला ‘इव्हनसाँग’ म्हणतात. तिला तिकीट नसते, शेवटी टाळ्या नसतात. ऐकायला कधी दोनशे माणसे असतात, तर फेब्रुवारीतल्या पावसाळी मंगळवारी जेमतेम पंधरा. गाणे दोन्ही दिवशी तेवढ्याच तयारीने होते, कारण ते श्रोत्यांसाठी नसून देवापुढे रुजू करायचे असते. शाळेचे सत्र चालू असताना आठवड्यातले बहुतेक दिवस हा नेम चालतो, आणि इंग्लंडमधल्या बहुतेक मोठ्या अँग्लिकन कॅथेड्रलमध्ये थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसते. जगातली एक अत्यंत समृद्ध समूहगान-परंपरा या नेमाच्या आधारावर पाच शतके उभी आहे. नेम असला की मुलांना रोज नवे काही शिकावे लागते, संगीतकाराला रोज लागणारे संगीत लिहावे लागते आणि जुन्या रचना कपाटात पडून राहत नाहीत. हा नेम कसा चालतो आणि तो मोडला तेव्हा काय झाले, ते या प्रकरणात पाहू.

क्रॅनमरने आखलेली चौकट

धर्मसुधारणेच्या चळवळीपूर्वी मठांतले भिक्षू दिवसरात्रीत आठ वेळा लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणत. रोमपासून इंग्लंडचे चर्च वेगळे झाल्यावर कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस क्रॅनमर यांनी या आठांच्या दोन केल्या, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. त्या इंग्रजीत आणल्या आणि 1549 साली ‘बुक ऑफ कॉमन प्रेअर’ या ग्रंथात बांधल्या. संध्याकाळच्या उपासनेत त्यांनी दोन जुन्या प्रार्थना एकत्र केल्या. सायंप्रार्थनेतले मरीयेचे गीत आणि झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेतले वृद्ध शिमोनाचे गीत शेजारी शेजारी आले, ते आजही तसेच गायले जाते. क्रॅनमर यांच्यापुढे जी जुनी उपासनापद्धती होती तिचे नाव ‘सेरम’, आणि ती सॉल्सबरीतच घडलेली होती. दक्षिण इंग्लंडमधल्या बहुतेक चर्चनी ती शतकानुशतके वापरली होती.

इव्हनसाँगचा क्रम ठरलेला असतो. पाद्री एक ओळ गातात, गायकवृंद तिला उत्तर देतो. मग त्या दिवसाची स्तोत्रे. मग जुन्या करारातले वाचन आणि त्यापाठोपाठ मरीयेचे गीत. मग नव्या करारातले वाचन आणि शिमोनाचे गीत. त्यानंतर विश्वासांगीकार, पुन्हा पाद्री आणि गायकवृंदाची उत्तर-प्रत्युत्तरे, आणि शेवटी ‘अँथम’ म्हणजे एखादे स्वतंत्र भक्तिगीत. शब्दांची चौकट रोज तीच असते, संगीत रोज बदलते. सोमवारी सोळाव्या शतकातल्या विल्यम बर्डची रचना असेल, तर मंगळवारी हयात संगीतकाराची.

क्रॅनमर यांनी बायबलमधली सगळी 150 स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिली होती. पंधराव्या तारखेच्या संध्याकाळी 78वे स्तोत्र येते आणि त्यात सत्तरहून अधिक वचने आहेत. काही ठिकाणी आता ते तुकड्यांत घेतात, पण ज्यांनी ते लहानपणी पूर्ण गायले आहे त्यांना पंधरा तारीख जन्मभर लक्षात राहते.

स्तोत्रे गाण्याची पद्धत मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे, कारण कॅथेड्रलच्या गायकवृंदाची खरी परीक्षा तिथे होते. स्तोत्राच्या वचनांना छंद नसतो. एक वचन पाच शब्दांचे, तर पुढचे पंचवीस शब्दांचे. त्यासाठी चार आवाजांत बांधलेली एक छोटी चाल वापरतात. वचनाच्या पहिल्या भागाला एका स्वरमेळावर सुरुवात करायची, जितके शब्द असतील तितके त्याच स्वरमेळावर म्हणायचे आणि मग तीन स्वरमेळ बदलून थांबायचे. दुसऱ्या भागाला पुन्हा एका स्वरमेळावर सुरुवात, आणि मग पाच बदल. असे एकूण दहा स्वरमेळ झाले की वचन संपते. यात ताल बांधलेला नाही. शब्द जसा बोलला जाईल त्या लयीत तो गायचा असतो. दोन डझन माणसांनी एकाच वेळी, हाताने ठेका न धरता, एकच वाक्य एकाच ओघात म्हणणे फार अवघड आहे. ते रोज एकत्र गाण्यातूनच जमते, दुसरा मार्ग नाही.

गायकवृंद समोरासमोर दोन फळ्यांत उभा असतो. दक्षिणेकडची फळी डीनची, म्हणजे कॅथेड्रलच्या प्रमुख पाद्रींची, उत्तरेकडची गायनप्रमुखाची. एक वचन या बाजूने, पुढचे त्या बाजूने. वारकऱ्यांच्या हरिपाठात टाळकरी समोरासमोर उभे राहून अभंगाची ओळ एकमेकांकडे सोपवतात, ते ज्याने पाहिले आहे त्याला या रचनेतली ऊर्जा वेगळी समजावून सांगायला नको. समोरच्याचे तोंड दिसते, श्वास दिसतो, आणि आपली ओळ त्याच्या ओळीतूनच निघते.

हात वर करणारी मुले

सॉल्सबरीत गाणाऱ्या मुलांची शाळा बिशप ऑस्मंड यांच्या काळापासून, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीपासून, आपली परंपरा सांगते. 1947 पासून ती बिशपांच्या जुन्या वाड्यात भरते. सात-आठ वर्षांच्या मुलांची आवाजाची चाचणी होते. निवडलेले मूल आधी उमेदवार म्हणून बसते आणि मग रीतसर गायकवृंदात घेतले जाते. सॉल्सबरीत त्या वेळी नव्या मुलाचे डोके बैठकीजवळच्या एका दगडावर हलकेच टेकवण्याची चाल आहे. अशी कित्येक डोकी टेकून त्या दगडाला खळगा पडला आहे.

मुलांचा दिवस शाळेच्या तासांआधी सुरू होतो. सकाळी तालीम, मग इतर मुलांसारखीच शाळा, दुपारनंतर पुन्हा तालीम आणि लगेच उपासना. शिवाय बहुतेक मुले पियानो आणि आणखी एखादे वाद्य शिकत असतात. नाताळच्या सुट्टीत वर्गमित्र घरी गेले तरी ही मुले थांबतात, नाताळच्या सकाळी गातात आणि मगच आईवडिलांबरोबर घरी जातात.

तालमीत एक गोष्ट नवख्या माणसाला चटकन दिसते. गाणे चालू असताना मधूनच एखाद्या मुलाचा हात वर जातो आणि खाली येतो. गाणे थांबत नाही. चूक माझी झाली, मला ती कळली आहे, त्यासाठी सगळ्यांना थांबवू नका, असा त्या हाताचा अर्थ. शिक्षकाचा वेळ वाचतो आणि नऊ वर्षांच्या मुलाला आपली चूक आपण ओळखायची सवय लागते. चूक कबूल करण्यात लाज नाही, ती न कळण्यात कमीपणा आहे, असा हा शिरस्ता आहे.

दुसरी गोष्ट रांगेतल्या जागांची. नवा मुलगा दोन जुन्या मुलांच्या मध्ये उभा राहतो. पान उलटताना शेजारचा मोठा मुलगा बोटाने ओळ दाखवतो, कुठे श्वास घ्यायचा ते कोपराने सुचवतो. शिक्षक जे शिकवतात त्याहून कितीतरी अधिक मूल या शेजारातून शिकते. तेराव्या वर्षाच्या आसपास मुलाचा आवाज फुटतो आणि तो बाहेर पडतो. म्हणजे पाच-सहा वर्षांत अख्खा बालवृंद बदलतो, तरी गाण्याचा घाट तोच राहतो, कारण मोठ्याने धाकट्याला शिकवण्यात कधी खंड पडत नाही.

मुलांमागचे प्रौढ गायक पगारी असतात. सॉल्सबरीत त्यांना ‘ले व्हायकर’ म्हणतात, इतर ठिकाणी ‘ले क्लार्क’. पगार पोटापुरता नसल्याने बहुतेक जण दिवसा शिक्षक, वकील, कार्यालयीन नोकर असतात आणि संध्याकाळी झगा चढवून ऑल्टो, टेनर किंवा बास गातात. वेल्स या गावात अशा गायकांसाठी चौदाव्या शतकात बांधलेली घरांची आख्खी गल्ली अजून राबती आहे. गायकाने कॅथेड्रलच्या दारात राहावे, म्हणजे पाऊस असो की हिम, उपासना चुकणार नाही, हा त्यामागचा साधा हिशेब.

साखळी तुटली तेव्हा

हे सगळे किती नाजूक आहे ते सतराव्या शतकात कळले. इंग्लंडमध्ये राजा आणि संसद यांच्यात यादवी पेटली. संसदेच्या बाजूच्या प्युरिटन मंडळींना उपासनेत वाद्ये आणि गुंतागुंतीचे गायन नको होते. 1644 मध्ये संसदेने चर्चमधले ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम काढला. गायकवृंद मोडले, मुले घरी गेली. 1660 मध्ये राजेशाही परतली, कॅथेड्रल पुन्हा गायला लागली. ग्रंथ होते, इमारती होत्या, जुने काही प्रौढ गायकही हयात होते. पण वरच्या पट्टीत गाणारे एकही तयार मूल देशात उरले नव्हते, कारण दीड दशकात कुणी कुणाला शिकवलेच नव्हते. त्या काळातल्या एका संगीतकाराने नोंदवून ठेवले आहे की सुरुवातीचा काही काळ मुलांच्या ओळी ‘कॉर्नेट’ या लाकडी फुंकवाद्यावर वाजवून आणि पुरुषांनी चोरट्या आवाजात गाऊन वेळ भागवावी लागली. लिहिलेले संगीत टिकले होते, ते गाणारे मूल मात्र नव्याने घडवावे लागले.

दुसरी पडझड सावकाश झाली आणि तिला शत्रू लागला नाही. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅथेड्रलच्या कारभाऱ्यांचे गाण्यावरचे लक्ष उडाले. गायकांच्या जागा रिकाम्या राहू लागल्या, मुलांच्या शिक्षणाचा पैसा दुसरीकडे वळला. हेरिफर्डच्या कॅथेड्रलमध्ये 1830च्या दशकात सॅम्युएल सेबॅस्टियन वेस्ली ऑर्गनवादक होते. एका ईस्टरला मुलांखेरीज त्यांच्या हाती डीनचा घरगडी असलेला एकच बास गायक होता, आणि तेवढ्यावर भागेल असे एक अँथम त्यांनी लिहिले, असे सांगतात. आज ते अँथम जगभर गायले जाते. 1849 मध्ये वेस्ली यांनी कॅथेड्रलमधल्या संगीताच्या दुर्दशेवर एक खणखणीत पुस्तिका प्रसिद्ध केली.

पण या लढाईतले सर्वांत चिवट नाव एका बाईचे आहे. मरिया हॅकेट यांचा जन्म 1783चा. त्यांचा एक लहान, पोरका नातलग लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये गायक-मूल म्हणून लागला. तिथे मुलांना नीट शिकवले जात नाही, त्यांच्यावर लक्ष ठेवायला कुणी नाही आणि पैशासाठी त्यांना रात्री-अपरात्री बाहेरच्या मैफलींत गायला पाठवले जाते, हे त्यांनी पाहिले. त्यांनी जुन्या सनदा शोधून काढल्या, मुलांच्या पालनपोषणासाठी कुठला निधी ठेवला होता ते वाचले आणि बिशप, डीन व इतर अधिकाऱ्यांना पत्रे लिहायला सुरुवात केली. उत्तर आले नाही तर पुन्हा पत्र. हे त्या साठ वर्षे करत राहिल्या. देशातल्या एकेका कॅथेड्रलला स्वतः भेट देऊन त्या मुलांची चौकशी करत आणि प्रत्येक मुलाला पुस्तक, छोटी थैली आणि नवे शिलिंगचे नाणे देत. 1874 मध्ये, नव्वदी ओलांडून, त्या वारल्या. त्याच दशकात सेंट पॉलमध्ये जॉन स्टेनर ऑर्गनवादक म्हणून आले, गायकवृंद वाढवला, तालमी शिस्तीत बसवल्या, आणि मुलांसाठी शाळेची नवी इमारत उभी राहिली. आज कॅथेड्रलमधल्या मुलांना जे शिक्षण आणि जी काळजी मिळते, त्यांचा पाया हॅकेटबाईंच्या पत्रांनी घातला.

वास्तूसाठी लिहिलेले संगीत

सॉल्सबरीचा ऑर्गन 1877 मध्ये हेन्री विलिस यांनी बांधला. गायकवृंदाच्या बैठकींच्या दोन्ही अंगांना त्याचे पाइप आहेत. सर्वांत मोठ्या पाइपची लांबी सुमारे 32 फूट. त्याचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला सोळाच कंपने करतो, तेव्हा कानाआधी तो पायांखालच्या फरशीत आणि बसायच्या लाकडात जाणवतो. ऑर्गनवादकाला गाणारे नीट दिसत नाहीत, आणि पाइपमधून निघालेला सूर दूरवर पोहोचायला वेळ लागतो. म्हणून कानावर भरवसा न ठेवता, आरशात किंवा पडद्यावर दिसणाऱ्या हाताकडे बघत, ऐकू येते त्याच्या किंचित आधी वाजवावे लागते. हेही रोजच्या सरावाशिवाय साधत नाही.

दगडी भिंती आणि उंच कमानी यांत सूर लगेच विरत नाही. आधीचा स्वर घुमत असताना पुढचा त्यावर येऊन पडतो. जो संगीतकार हे विसरून लिहितो त्याचे संगीत तिथे चिखल होते. ज्यांना हे पुरते कळले असे संगीतकार म्हणजे हर्बर्ट हॉवेल्स. 1910 च्या सप्टेंबरमध्ये ग्लॉस्टरच्या कॅथेड्रलमध्ये राल्फ व्हॉन विल्यम्स यांची सोळाव्या शतकातले संगीतकार थॉमस टॅलिस यांच्या चालीवरची तंतुवाद्यांची रचना पहिल्यांदा वाजली. तेव्हा सतरा वर्षांचे हॉवेल्स तिथे ऐकायला होते. त्या संध्याकाळने त्यांना दिशा दिली. पुढे त्यांनी मरीयेच्या आणि शिमोनाच्या गीतांना सुमारे वीस वेळा संगीत दिले, आणि त्यांतली बरीच संगीते एकेका ठरावीक वास्तूसाठी आहेत. 1946 मधले ग्लॉस्टरसाठी, 1951 मधले लंडनच्या सेंट पॉलसाठी. सेंट पॉलच्या प्रचंड घुमटाखाली घुमणारा नाद मनात धरून त्यांनी स्वरमेळ सावकाश बदलत ठेवले, म्हणजे आधीचा विरायला जागा मिळेल. शब्द तेच सोळाव्या शतकातले, संगीत प्रत्येक दगडाला ऐकून लिहिलेले. रोज संध्याकाळी दोन गीतांना नवे संगीत लागते म्हणूनच एका संगीतकाराला एकच मजकूर इतक्यांदा हाताळायचे कारण मिळाले.

या संगीताने माणसांना कसे बांधून ठेवले त्याचा एक दाखला सॉल्सबरीचाच आहे. कवी जॉर्ज हर्बर्ट 1630 ते 1633 या काळात शेजारच्या बेमर्टन गावात पाद्री होते. त्यांचे चरित्रकार आयझॅक वॉल्टन सांगतात की ते आठवड्यातून दोनदा चालत सॉल्सबरीला येत, केवळ कॅथेड्रलमधले गाणे ऐकायला. आज ज्यांना तिथवर चालत जाता येत नाही त्यांच्यासाठी रेडिओ आहे. बीबीसीने 7 ऑक्टोबर 1926 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमधून इव्हनसाँगचे पहिले प्रसारण केले, आणि हा साप्ताहिक कार्यक्रम अजून चालू आहे.

मुलींची फळी

हजार वर्षे हे गाणे मुलग्यांचेच होते. 1991 मध्ये सॉल्सबरीचे संगीतप्रमुख रिचर्ड सील यांनी मुलींचा स्वतंत्र गायकवृंद उभा केला. इंग्लंडमधल्या जुन्या कॅथेड्रलमध्ये असे पहिल्यांदाच घडत होते. विरोध झाला. मुलगे गळतील, त्यांच्या आवाजाचा खास पोत हरवेल, अशी भीती अनेक जाणत्यांनी बोलून दाखवली. सील यांनी मुली आणि मुलगे मिसळले नाहीत. दोन वेगळे वृंद ठेवले आणि आठवड्याच्या उपासना त्यांच्यात वाटून दिल्या. दोघांनाही तीच तालीम, तेच संगीत, तीच जबाबदारी. काही वर्षांत एकामागून एक कॅथेड्रलनी हा मार्ग धरला. 2017 मध्ये सेंट पॉलमध्ये प्रौढ गायकांच्या कायम जागेवर पहिल्यांदा एका स्त्रीची नेमणूक झाली. मुलगे गळले नाहीत. उलट, नेमाचा भार दोन वृंदांवर वाटला गेल्याने मुलांना श्वास घ्यायला जागा मिळाली. माझ्या मते विसाव्या शतकात या परंपरेच्या रक्षणासाठी घेतलेला हा सर्वांत शहाणा निर्णय होता.

मुंबई आणि पुणे

ही परंपरा आपल्याकडेही आणण्याचा प्रयत्न झाला. मुंबईच्या किल्ल्यातले सेंट थॉमस चर्च 1718 च्या नाताळात उपासनेसाठी खुले झाले आणि 1837 मध्ये त्याला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. त्याच्या गायकवृंदाला मुले मिळावीत म्हणून 1860 मध्ये शाळा काढण्यात आली. आज ‘कॅथेड्रल अँड जॉन कॉनन’ म्हणून जी शाळा मुंबईला माहीत आहे तिचे मूळ तिथे आहे. शाळा वाढली, नावाजली, पण रोजच्या गायनाशी असलेले तिचे नाते सुटले. पुण्यात पंचहौद मिशनचे होली नेम कॅथेड्रल आहे. 1890 च्या चहा प्रकरणामुळे, ज्यात टिळक आणि रानडे यांना प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले, हे मिशन मराठी वाचकाला परिचित आहे. या कॅथेड्रलच्या स्वतंत्र मनोऱ्यात आठ घंटांचा इंग्रजी पद्धतीचा संच आहे. तो चाकावर पूर्ण फिरवून, दर फेरीला क्रम बदलत वाजवायचा असतो. आठ घंटांचे 40,320 क्रम होतात. सॉल्सबरीला मात्र असा संच नाही, कारण तिथला घंटांचा वेगळा मनोरा अठराव्या शतकाच्या अखेरीस पाडला गेला.

इमारत, ऑर्गन, घंटा जहाजातून आणता येतात. रोज गाणारी मुले, त्यांना शिकवणारे मोठे गायक, त्यांचे पगार आणि शतकांचा शिरस्ता आणता येत नाही. इथल्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी आपली भजने, कीर्तने आणि गीते आपल्या भाषेत घडवली आणि तेच योग्य झाले.

नेमाची किंमत

आज इंग्लंडमध्येही हा नेम स्वस्त राहिलेला नाही. मुलांच्या शिष्यवृत्त्या, गायकांचे पगार, ऑर्गनची दुरुस्ती यांचा भार बहुतांशी देणग्यांवर आहे. 2020 मध्ये कोरोनाच्या साथीमुळे गायन थांबले तेव्हा कित्येक कॅथेड्रलपुढे वृंद टिकवायचा कसा, हा प्रश्न उभा राहिला. त्याच वर्षी शेफील्डने आपला गायकवृंद बरखास्त केला आणि नव्या रीतीने बांधणी करायचे ठरवले. खर्च वाचवायचा तर पहिला विचार येतो तो आठवड्याच्या उपासना कमी करण्याचा. श्रोते थोडे असतात, त्यामुळे कुणी तक्रारही करत नाही.

पण या प्रकरणात जे जे पाहिले, ते त्या पंधरा माणसांसमोरच्या मंगळवारच्या गायनातूनच आले आहे. दहा स्वरमेळांत वाक्य तोलणारी फळी, चूक ओळखून हात वर करणारे मूल, वास्तू ऐकून लिहिणारा संगीतकार, हे सगळे रोजच्या गरजेने घडले. फक्त रविवारी आणि सणावारी गाणारा वृंद ठरलेले वीस-पंचवीस तुकडे उत्तम म्हणेल, पण नवे पान समोर ठेवले तर अडखळेल, आणि पाच वर्षांत धाकट्यांना शिकवायला तयार मोठे मूल उरणार नाही. म्हणून कुणी इंग्लंडला जाणार असेल तर माझे सांगणे एवढेच, की कॅथेड्रल दुपारी पाहून निघू नका. मधल्या वाराची एक संध्याकाळ मोकळी ठेवा, बसता येईल तितके गाणाऱ्यांच्या जवळ बसा, स्तोत्र कुठल्या बाजूने सुरू होते ते ऐका, आणि निघताना दाराशी ठेवलेल्या देणगीपेटीत जमेल ते टाका. ते पैसे पुढच्या मंगळवारी खर्च होतात.